जॉनचे तीन वडील

कागदोपत्री जॉनला तीन वडील होते. १८८६ सालच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव डोनाल्ड, शेतमजूर, मयत. १९३१ सालच्या मृत्यूच्या नोंदीत वडिलांचं नाव विल्यम, दगडकाम करणारा, मयत. आणि १८६२ सालच्या जन्माच्या नोंदीत वडिलांचा रकाना कोरा. पण समासात बारीक अक्षरात दुसऱ्या एका वहीचा हवाला, आणि त्या वहीत तिसऱ्याच माणसाचं नाव. जॉन मात्र एकच. त्याच्या आडनावाची माणसं स्कॉटलंडच्या ईशान्य भागात आजही पुष्कळ आहेत आणि त्याची पणती माझ्या खालच्या मजल्यावर राहते, म्हणून आडनाव इथे देत नाही.

मी एडिंबरामध्ये, लीथ भागातल्या एका जुन्या दगडी इमारतीत भाड्याने राहते. नोकरी सॉफ्टवेअरची. माझं रोजचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट आहे. एकाच ग्राहकाच्या पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी झालेल्या नोंदी शोधायच्या आणि त्यांची एक नोंद करायची. कुठे नावाचं नुसतं आद्याक्षर असतं, कुठे पत्ता जुना असतो, कुठे जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे झालेले असतात. ही पाच माणसं आहेत की एकच, हे संगणकाने ठरवायचं आणि संगणकाने कसं ठरवायचं ते आम्ही ठरवायचं. खालच्या आजींनी एकदा जिन्यात विचारलं, "तू नक्की करतेस काय?" मी हे सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे एक माणूस आहे. त्याचं तेवढं एक करून दे."

मी त्यांना नावाने हाक मारते, इथे तीच रीत आहे. पण मनात त्या आजीच. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त नर्स. त्यांची नात कॅनडात असते, तिला बाळ होणार होतं आणि तिला घराण्याची वंशावळ हवी होती. घरात चालत आलेली गोष्ट अशी होती की जॉनचे वडील डोनाल्ड समुद्रावर गेले आणि जॉन पोटात असतानाच बुडाले. आईने विधवेपणात त्याला वाढवलं. आजींच्या आईने ही गोष्ट त्यांना आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला सांगितली होती, आणि पुढे काही विचारलं की विषय बदलला होता. आजींना तो बदललेला विषय आठवत होता. बहिणीला गोष्ट आठवत होती. दोघींमधला फरक तिथूनच सुरू होत होता.

इथली दप्तरं कशी आहेत ते आधी सांगायला हवं. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या पॅरिश वह्यांमध्ये. त्यातली सगळ्यात जुनी वही पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ ची. पण पॅरिशच्या वहीत जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. लग्न बहुतेकदा नसतं, लग्नाच्या घोषणेची नोंद असते. मृत्यू तर किती तरी गावांनी लिहूनच ठेवले नाहीत. त्यात १८४३ साली चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. चारशेहून जास्त पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. तिथे झालेले बाप्तिस्मे जुन्या पॅरिशच्या वहीत येत नाहीत. जॉनची आई जॅनेट नेमकी १८४३ ची, बॅन्फशर परगण्यातली, आणि तिच्या घरचे बाहेर पडणाऱ्यांत होते. म्हणजे पॅरिशच्या वहीपुरती ती जन्मलेलीच नाही.

१८५५ नंतर मात्र सरकारने भलताच उत्साह दाखवला. पहिल्या वर्षीच्या जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वयं, त्यांची जन्मगावं, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती, असं सगळं विचारलेलं आहे. निबंधकांना ते झेपेना, म्हणून १८५६ पासून रकाने कमी झाले. तरी जे उरलं ते शेजारच्या इंग्लंडपेक्षा कितीतरी जास्त. स्कॉटिश मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या आईचं आणि वडिलांचं, दोघांचंही नाव असतं. आणि आईचं माहेरचं आडनाव असतंच.

हे माहेरचं आडनाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जरा थबकले. इथल्या बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतर कागदावरून जात नाही. मृत्यूच्या सूचीत ती दोन्ही आडनावांखाली सापडते आणि थडग्याच्या दगडावरही पुष्कळदा माहेरच्या नावानेच असते. मी त्या रात्री बाबांना फोन करून पणजीचं माहेरचं नाव विचारलं. त्यांनी काकांना विचारलं, काकांनी आत्याला. पणजीला सासरी दिलेलं नाव सगळ्यांना माहीत होतं. त्याआधीचं नाव कुणालाच नाही, आडनाव तर दूरच. पणजी आमच्या घरात साठ वर्षं राहिली. जॅनेट ही मला परक्या देशातली, परक्या घरातली शेतमजुराची मुलगी. पण तिला शोधायला माझ्या पणजीपेक्षा जास्त धागे होते.

नोंदी पाहायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं एक संकेतस्थळ आहे. एका जन्माच्या नोंदीचं चित्र पाहायला दीड पाउंड पडतो. जन्माच्या नोंदी शंभर वर्षांनी, लग्नाच्या पंचाहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांनी तिथे खुल्या होतात, त्यामुळे जॉनचं सगळं आयुष्य उघड्यावर होतं. दीड-दीड पाउंड करत पुष्कळ पैसे जायला लागले, तेव्हा आजी आणि मी एका शुक्रवारी प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला असलेल्या रजिस्टर हाऊसमध्ये गेलो. रॉबर्ट ॲडमने आराखडा केलेली ही इमारत, दारासमोर घोड्यावर बसलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तिथे दिवसाची ठरावीक फी भरली की हव्या तेवढ्या नोंदी पडद्यावर पाहता येतात. आजींनी डबा आणला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही एका माणसाच्या मागे होतो.

पहिली अडचण वयाची. जनगणना दर दहा वर्षांनी होते, पण माणसं दहा वर्षांनी मोठी होत नाहीत. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचनाच होती. म्हणून अठ्ठावीस वर्षांचा डोनाल्ड तिथे पंचवीसचा आहे. जॅनेट १८६१ मध्ये अठरा वर्षांची आहे, १८७१ मध्ये सत्तावीस, १८८१ मध्ये छत्तीस. दर दशकाला एक वर्ष ती घरी ठेवून घेते. आजी म्हणाल्या, "शहाणी होती."

दुसरी अडचण नावांची, आणि ही माझ्या धंद्यातली. दोन नावं एकमेकांच्या किती जवळ आहेत हे मोजायची एक जुनी रीत आहे, लेव्हेनश्टाइन अंतर. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जॅनेटपासून जेम्सपर्यंतचं अंतर दोन आहे. जॅनेटपासून जेसीपर्यंतचं अंतर पाच. म्हणजे या मोजमापाला जॅनेट ही जेसीपेक्षा जेम्स वाटते. पण स्कॉटलंडमध्ये जेसी हे जॅनेटचंच घरगुती रूप आहे, हे इथल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. तसाच डोनाल्डचा डॅनियल होतो, पॅट्रिकचा पीटर होतो, आणि मॅकने सुरू होणारी आडनावं तर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. १८५५ ते १९७३ या काळातल्या सुमारे २.४ कोटी स्कॉटिश नोंदी एकमेकींना जोडायचा मोठा प्रकल्प इथल्या विद्यापीठांनी हाती घेतला आहे. तिथल्या लोकांना रोज हेच भेटत असणार. गणित लागतंच, पण जेसी म्हणजे जॅनेट हे गणिताला कुणीतरी आधी सांगावं लागतं.

आता जॉनकडे. त्याच्या जन्माच्या नोंदीत नावाखाली 'अनौरस' असा शब्द आहे. आईचं नाव जॅनेट, घरकामाची मोलकरीण. खबर देणारी म्हणून तिनेच सही केली आहे. फुली नाही, स्वच्छ वळणदार सही. वडिलांचा रकाना कोरा असण्याचं कारण कायद्यात आहे. लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या वडिलांचं नाव लिहायचं असेल तर त्या माणसाने स्वतः निबंधकापुढे येऊन आईबरोबर सही करायची. आईने एकटीने सांगितलेलं नाव चालत नसे. तो आला नाही, म्हणून रकाना कोरा.

आजींनी तो शब्द पाहिला आणि चष्मा काढून पुसला. "म्हणजे बुडालं कोणीच नाही," एवढंच म्हणाल्या.

बॅन्फशरमध्ये ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. सरकारी नोंदी सुरू झाल्या तेव्हा देशाला पहिल्यांदा आकडे दिसले आणि अनौरस जन्मांचं प्रमाण ईशान्येकडच्या शेतीच्या परगण्यांत सर्वाधिक निघालं. त्यांत बॅन्फशर अगदी वर. शहरातले लोक धर्मबुडवेपणा म्हणून हळहळले. शेतीची पद्धत पाहिली की वेगळं काही दिसतं. माझ्या आजोळी, मराठवाड्यात, पाडव्याला सालगड्याचा करार होतो. इथे अविवाहित गड्यांचा करार सहा महिन्यांचा असे. मे आणि नोव्हेंबरमध्ये बाजार भरे, शेतमालक तिथे गडी ठरवत, आणि सहा महिन्यांनी गडी आपली पेटी उचलून दुसऱ्या शेतावर जाई. शेतावर राहायला जागा मिळायची ती एकट्याला, आवारातल्या खोलीत. बायकोला घेऊन राहायला घर मिळणं कठीण. पोरीला दिवस गेले आहेत हे कळेपर्यंत गडी दोन पॅरिश पलीकडे गेलेला असायचा.

जन्माच्या नोंदीच्या समासातला हवाला होता तो दुरुस्त नोंदींच्या वहीचा. मूळ नोंदीत खाडाखोड करायची नाही. बदल झाला तर तो वेगळ्या वहीत लिहायचा आणि समासात तिचा खंड आणि पान द्यायचं. (ही शिस्त १८५५ च्या लोकांना होती. आमच्या डेटाबेसांत ती आणायला माझी गेली दोन वर्षं चालली आहेत.) त्या वहीत १८६३ सालची एक नोंद आहे. जॅनेटने बॅन्फच्या शेरीफ कोर्टात एका शेतगड्यावर दावा लावला होता आणि कोर्टाने हे मूल त्या दोघांचं आहे असा निकाल दिला होता. त्या माणसाचं नाव, काम, गाव, सगळं तिथे आहे.

वीस वर्षांच्या मोलकरणीने सहा महिन्यांचं मूल घेऊन कोर्टात का जावं? त्याचं एक कारण पोटगी. १८४५ च्या स्कॉटिश गरीब-कायद्याप्रमाणे धडधाकट माणसाला पॅरिशकडून मदत मागायचा हक्क नव्हता, आणि मूल पॅरिशच्या गळ्यात पडू नये म्हणून बाप शोधून काढण्यात पॅरिशलाही रस असे. दुसरं कारण आम्हाला चर्चच्या कागदांत दिसलं. प्रत्येक चर्चमध्ये पाळक आणि एल्डर यांची एक पंचायत असे, तिला कर्क सेशन म्हणतात. लग्नाशिवाय मूल झालं की आईला तिच्यापुढे बोलावलं जाई आणि बापाचं नाव विचारलं जाई. कवी रॉबर्ट बर्न्स यालाही १७८६ साली मॉचलिनच्या चर्चमध्ये जीन आर्मरच्या प्रकरणात सगळ्यांसमोर उभं राहून प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. जॅनेटच्या काळापर्यंत चार लोकांतलं उभं राहणं मागे पडत चाललं होतं, पण चौकशी होतीच. या पंचायतींच्या इतिवृत्तांची पानं आता संकेतस्थळावर पाहता येतात. मात्र नावांची सूची नाही, पान-पान उलटत जावं लागतं. आजी रोज रात्री वीस पानं वाचायच्या. अकराव्या रात्री त्यांनी झाडूच्या दांड्याने छतावर, म्हणजे माझ्या जमिनीवर, दोनदा ठोकलं.

जॅनेट दोनदा हजर झाली होती. पहिल्यांदा तिने नाव सांगायला नकार दिला. दुसऱ्यांदा सांगितलं. तो माणूस दुसऱ्या पॅरिशचा असल्याने तिथल्या पंचायतीला पत्र गेलं आणि त्याने आपला संबंध नाकारला असं उत्तर आलं. पुढचं पान दुसऱ्याच प्रकरणाचं. तिच्या बाजूने तिथे एवढंच आहे. कोर्टाचा निकाल त्यानंतर चार महिन्यांनी आलेला. खोटं ठरवून गप्प बसवलेली मुलगी पुढच्या पायरीवर गेली होती आणि तिथे तिचं म्हणणं मान्य झालं होतं.

मग डोनाल्ड कोण? तो जॅनेटचा बाप. १८७१ च्या जनगणनेत आठ वर्षांचा जॉन त्याच्या घरात आहे आणि नात्याच्या रकान्यात 'मुलगा' लिहिलं आहे. डोनाल्डची बायको तेव्हा चोपन्न वर्षांची होती. गणकाने बेरीज-वजाबाकी केली नाही, किंवा केली आणि गप्प बसला. जॅनेट त्या घरात नाही. १८६८ मध्ये ॲबर्डीनला तिचं लग्न झालं होतं, विल्यम नावाच्या ग्रॅनाइट घडवणाऱ्या कारागिराशी. १८८१ मध्ये जॉन अठरा वर्षांचा आहे आणि ॲबर्डीनमध्ये याच विल्यमच्या घरी राहतो. घरातल्या बाईचं नाव जेसी. जॉनचं विल्यमशी नातं लिहिलं आहे ते 'मेहुणा'.

मी कामावर वापरते तसल्या प्रोग्रॅमला हे सगळं दिलं असतं तर त्याने निमूटपणे एक माणूस बनवला असता: जॉन, डोनाल्डचा मुलगा, जॅनेटचा भाऊ, विल्यमचा मेहुणा. बहुमत त्याच बाजूला होतं. जनगणनेच्या दोन नोंदी आणि लग्नाची एक, तीन विरुद्ध एक. कॅनडातल्या एका दूरच्या नातेवाइकाने इंटरनेटवर चढवलेल्या वंशावळीत जॉन असाच आहे आणि तिथून तो आणखी किती तरी वंशावळींत उतरला आहे. पण या कागदांमध्ये मतं मोजून उपयोग नसतो. प्रत्येक कागदावर कोण बोलतंय आणि कोणाला सांगतंय ते पाहावं लागतं. जनगणनेच्या वेळी डोनाल्ड दारात उभ्या असलेल्या गणकाला सांगत होता, आणि गणक बहुधा ओळखीतलाच. लग्नात जॉन बायकोकडच्या माणसांसमोर सांगत होता. चर्चमध्ये जॅनेट सहा पुरुषांसमोर सांगत होती. १९३१ मध्ये खबर देणारा होता जॉनचा जावई, म्हणजे आजींचे आजोबा. सासऱ्याच्या आईचं नाव जेसी हे त्याला माहीत होतं आणि तिचा नवरा विल्यम हेही. त्याने विल्यम हे नाव घेतलं, त्याला जॉनचं आडनाव लावलं, आणि असा एक बाप तयार केला जो कधी अस्तित्वातच नव्हता. त्यात खोटेपणा काही नव्हता. अंत्यविधीच्या धावपळीत निबंधकाने विचारलं आणि त्याने जमेल तसं उत्तर दिलं.

त्यातूनही एक गोष्ट मिळाली. सासऱ्याची आई जेसी, हे जावयाला माहीत होतं. म्हणजे १८८६ मध्ये लपवलेलं १९३१ पर्यंत घरात उघड झालं होतं. कधी?

स्कॉटलंडमध्ये मुलांची नावं ठेवायची एक जुनी पद्धत पुष्कळ घरांत पाळली जाई. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे मला हे लगेच कळलं. डोनाल्ड बाप असता तर जॉनचा थोरला मुलगा डोनाल्ड व्हायला हवा. तो विल्यम आहे. दुसऱ्या मुलीचं नाव जॅनेट. म्हणजे लग्नाच्या कागदावर आजोबाला बाप म्हणणाऱ्या जॉनने मुलांच्या नावांत दुसरंच लिहून ठेवलं होतं. पद्धत म्हणजे पुरावा नव्हे, पण आता कुठे पाहायचं ते कळलं.

जेसीचा मृत्यू तिच्या माहेरच्या आडनावाखाली सापडला. ॲबर्डीन, १९०४. वय साठ (खरं एकसष्ट; शेवटपर्यंत एक वर्ष तिने राखलंच). नवरा विल्यम, मयत. वडील डोनाल्ड, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याची सही असते आणि सहीखाली मयताशी असलेलं नातं लिहायचं असतं. सही जॉनची आहे. खाली लिहिलं आहे: मुलगा.

आम्ही दोघी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत होतो. जॉन तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. डोनाल्ड गेला होता, आजी गेली होती, विल्यम गेला होता. त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. 'भाऊ' लिहिलं असतं तरी निबंधकाने ते मुकाट्याने उतरवून घेतलं असतं. बेचाळीस वर्षांच्या सगळ्या कागदांमध्ये स्वतःच्या हाताने, स्वतःबद्दल, आईच्या संदर्भात त्याने दिलेलं हे एकमेव उत्तर आम्हाला मिळालं.

आजींनी बहिणीला इन्व्हरनेसला फोन केला. फोन स्पीकरवर होता आणि मला बसून राहायला सांगितलं होतं. बहीण शांतपणे सगळं ऐकून म्हणाली, "आईने आपल्याला जे सांगितलं ते तिने विचार करून सांगितलं. तू आता दीड पाउंडाला तिचं खोटं विकत आणलंस." आजी म्हणाल्या, "मी जॅनेटचं खरं आणलं." मग दोघी त्यांच्या बोलीत भराभर बोलायला लागल्या आणि मला फारसं कळेनासं झालं.

मी मधे डीएनए चाचणी सुचवली होती. कोर्टाने ज्याला बाप ठरवलं त्याचे वंशज कुठे ना कुठे असणार. १८८१ च्या जनगणनेत तो वीस किलोमीटरवरच्या गावात बायको आणि सहा मुलांसह राहतोय. त्यांच्यापैकी कुणी चाचणी केली असेल तर जुळणी लागू शकते. आजींनी नकार दिला. "माझं रक्त अर्धं तिचं पण आहे," त्या बहिणीबद्दल म्हणाल्या. "ती नाही म्हणतेय. कागद उघड्यावर पडलेले होते, ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. हे तसं नाही." माझ्या कंपनीत संमती या विषयावर तासन्‌तास बैठका होतात. इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये जॉनच्या वर वडिलांसाठी एकच चौकट येते. अशी माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायला जेडकॉम नावाचं एक स्वरूप वापरतात, मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये काढलेलं. त्यात एक माणूस एकाहून अधिक कुटुंबांचं मूल असू शकतो, जन्माने एका, सांभाळाने दुसऱ्या. सोय आहे, पण पडद्यावर चित्र काढताना बहुतेक प्रोग्रॅम त्यातलं पहिलं उचलतात आणि बाकीचं आत कुठेतरी ठेवून देतात. आजींना आत ठेवलेलं नको होतं. शेवटी त्यांनी मोठा कागद घेतला आणि हाताने काढलं. जॉनच्या वर मध्यभागी जॅनेट, कंसात जेसी. तिच्यापासून तीन रेघा. एका रेघेवर कोर्टाच्या निकालाचं साल आणि त्या माणसाचं नाव. दुसरीवर डोनाल्ड, 'वाढवलं'. तिसरीवर विल्यम, 'ॲबर्डीनला घरात घेतलं, पहिल्या मुलाला याचं नाव'. प्रत्येक रेघेखाली कुठला कागद, कुठल्या सालचा आणि माहिती कुणी दिली ते बारीक अक्षरात. जावयाने बनवलेल्या बापालाही त्यांनी काढून टाकलं नाही. कोपऱ्यात त्याची एक वेगळी चौकट केली आणि खाली लिहिलं, 'हा माणूस नव्हता. माझ्या आजोबांनी घाईत सांगितला.'

महिन्याभराने इन्व्हरनेसहून पत्र आलं. बहिणीला वंशावळ नको होती, कोर्टाचा निकाल नको होता, चर्चची पानं तर नकोच होती. १९०४ चा तेवढा एक कागद पाठव, असं तिने लिहिलं होतं. आजींनी तो जाड कागदावर छापून घेतला, आणि पोस्टात टाकायला मीच नेऊन दिला.